शेवटचे तीस फूट

एका शनिवारी मी एक घर ढकललं.

अगदी घर नाही, पण त्यात गादी आहे, दोन खिडक्या आहेत, मागच्या बाजूला ओटा आहे, आणि मुख्य म्हणजे रीतसर नंबरप्लेट आहे. सध्या ऑनसाईटच्या कृपेने मी डेट्रॉईटच्या एका उपनगरात येऊन पडलोय. माझ्या शेजारी एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ राहतात. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. इकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनातल्या मनात ते 'काका'च आहेत (आपल्याकडे अडुसष्ट वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारून बघा म्हणजे कळेल!).

तर या काकांकडे एक 'टिअरड्रॉप' आहे. अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा, दोन चाकांचा, कारमागे जोडायचा छोटा ट्रेलर. आत फक्त झोपायचं, स्वैपाक मागचं झाकण उघडून बाहेर उभं राहून करायचा. वजन साधारण पाचशे किलो. काका-काकूंनी यातून निम्मी अमेरिका पालथी घातली. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून ट्रेलर गराजमध्ये होता, आणि या उन्हाळ्यात एक दिवस काकांच्या हिरवळीवर 'विकणे आहे'ची पाटी दिसली.

मला वाटलं, आठवणी नको वाटत असतील. विचारलं तर काका म्हणाले, छे, जायचं तर आहे. हजार मैल गाडी चालवायला आजही काही वाटत नाही. अडतं ते शेवटच्या तीस फुटांत. रस्त्यापासून गराजच्या आतपर्यंत. तिथे कार लावून रिव्हर्स घेता येत नाही, कारण गराजचं तोंड वळणावर आहे. ट्रेलर सोडवायचा आणि हाताने आत ढकलायचा, एवढाच मार्ग. तीस वर्षं हे काम दोघांचं होतं: ते पुढून दांडी धरायचे, काकू मागे उभ्या राहून डावीकडे-उजवीकडे सांगायच्या आणि चाकाला ठोकळा लावायच्या. आता एकट्याने होत नाही.

मी अर्थातच इंजिनीअरच्या आत्मविश्वासाने म्हणालो, "त्यात काय, मी येतो की!"

पुढचा अर्धा तास सविस्तर सांगत नाही. थोडक्यात असं, की ट्रेलरच्या पुढच्या दांडीला (याला इकडे 'टंग' म्हणजे जीभ म्हणतात) खाली एक छोटं फिरतं चाक असतं. कारपासून सोडवल्यावर पुढचा भार त्या चाकावर येतो आणि तिसऱ्या पायासारखं धरून ट्रेलर हलवता येतो. काकांचं चाक सहा इंची, कडक प्लॅस्टिकचं. मिशिगनच्या थंडीने काँक्रीटला जागोजागी भेगा पडतात, तशा दोन इंचाच्या एका भेगेत ते अडकलं. मी म्हटलं, थोडं मागे घेऊन परत ढकलू. दिशा बदलली आणि चाकाने गर्रकन अर्धी गिरकी घेतली, दांडी वीतभर आडवी सरकली, काकांच्या नडगीवर बसली, आणि दचकून मी... हात सोडला! उतारावर पाचशे किलोचं ते घर रस्त्याच्या दिशेने निघालं. नडगी धरून उभ्या काकांनी पायानेच लाकडी ठोकळा चाकाखाली सरकवला म्हणून वाचलो.

चहा पिताना (काकांची कॉफी) डोक्यात एकच प्रश्न होता. सत्तर मैलांच्या वेगाने महामार्गावर धावणारी ही वस्तू घराच्या दारात इतकी हतबल का होते? आणि हा प्रश्न काही आजचा नाही, मग लोकांनी त्याचं काय केलं? त्या रात्री जालावर आणि पुढचे दोन वीकांत इथल्या ग्रंथालयात बसलो, आणि जे सापडलं ते भलतंच रंजक निघालं.

मुळात दोनच चाकं का, इथून सुरुवात करू. हौस म्हणून घर घेऊन फिरण्याची कल्पना तशी घोड्यांच्या काळातली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून 'वाँडरर' नावाचं चाकांवरचं घर बांधून घेतलं. महॉगनीचं काम, पुस्तकांचं कपाट, सोबत नोकर आणि कुत्रा, ओढायला दोन घोडे. साहेबांनी त्यातून इंग्लंड ते स्कॉटलंड तेराशे मैलांचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. वजन सुमारे दोन टन. पण वाँडररला चार चाकं होती. घोडे सोडले की ते आपलं आपण उभं. हाताने ढकलायचा प्रश्नच नव्हता, दोन टन कोण ढकलणार? कुठल्यातरी शेतकऱ्याला विचारायचं, कुरणात घोडे आत न्यायचे, तिथे सोडायचे. मालकाचा हात गाडीला लागायचंच कारण नाही.

मोटारगाडी आली आणि गणित बदललं. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ साली बर्मिंगहॅममध्ये रायली पितापुत्रांनी एकल्स नावाची कंपनी विकत घेतली आणि मोटारीमागे ओढायची घरं विकण्यासाठी बांधायला सुरुवात केली. त्याच १९१९ साली अमेरिकेत, फ्लॉरिडातल्या टॅम्पा गावी, तंबू आणि ट्रेलर घेऊन फिरणाऱ्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना काढली. आता चार चाकांची गाडी मोटारीमागे लावून रिव्हर्स घेऊन बघा. पुढची चाकं फिरणारी असतील तर दोन ठिकाणी सांधे तयार होतात, एक कारपाशी आणि एक गाडीच्या पुढच्या चाकांपाशी. नेमकं कुठे वळेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. शिवाय जड आणि महाग. म्हणून छोट्या ट्रेलरला एकच आस आणि दोन चाकं हा प्रकार रूढ झाला.

पण दोन चाकांच्या गाडीला तिसरा आधार लागतोच, आणि तो आधार म्हणजे ओढणारा. इथे मला माझे आजोबा आठवले.

आमचं मूळ गाव वाळवा तालुक्यात, म्हणजे ऊसवाल्यांच्या मुलखात. लहानपणी सुट्टीत गेलो की आजोबा कारखान्याला जाणारी गाडी भरताना ओरडत असायचे, "मोळ्या पुढं घ्या रे, गाडी उलाळ होतीय!" उलाळ म्हणजे मागून जड. मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागच्या मागे उलटायला बघते. पुढे भार जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर येतं आणि बैल बसतात. गाडीवानाचं अर्धं कसब म्हणजे या दोन्हींच्या मधला बिंदू साधणं.

इथल्या ट्रेलरच्या पुस्तकात नेमकं हेच लिहिलंय! एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जिभेवर हवा. कमी झाला तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावायला लागतो आणि कधीकधी कारलाच घेऊन पालथा होतो. जास्त झाला तर कारचं बूड टेकतं. पुस्तकाला जे समजावून सांगायला आकृती आणि दोन परिच्छेद लागले ते आजोबांच्या एका शब्दात होतं. आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो ना, अमक्याने पक्षाची 'धुरा' खांद्यावर घेतली, ती धुरा म्हणजे मुळात हाच भार. जिभेवरचे दहा-पंधरा टक्के!

काकांच्या पाचशे किलोच्या ट्रेलरचा हिशोब मांडू. बारा टक्के धरले तर साठ किलो जिभेवर. धावताना ते कार उचलते. कार सोडवली की ते साठ किलो कुणाचे? माणसाचे. साठ किलो एकदा उचलणं वेगळं आणि उचलून धरून तीस फूट चालत पाचशे किलोला दिशा देणं वेगळं. गंमत म्हणजे ढकलायला जोर फारसा लागतच नाही. सपाट काँक्रीटवर हवा भरलेल्या टायरचा विरोध वजनाच्या जेमतेम दीड टक्का, म्हणजे पाचशे किलोला साडेसात किलो. बाजाराच्या दोन पिशव्या म्हणा ना. वीसास एक चढ असेल तर त्यात पंचवीस किलो वाढतात. पण अडचण ढकलण्याची नसून उचलून धरण्याची आहे. जिभेखालचं ते चाक बिचारं तेवढंच करतं: उचलण्याचं काम स्वतः घेतं आणि ढकलण्याचं तुमच्याकडे ठेवतं.

हे फिरतं चाक मूळचं गाड्यांचं नाहीच, फर्निचरचं. जड टेबलं-पलंग सरकवायला अठराव्या शतकातल्या इंग्लंडात पायांखाली लावत. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डेव्हिड फिशर नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाला फर्निचरच्या अशा चाकाच्या सुधारणेचं पेटंट मिळालं १४ मार्च १८७६ रोजी. त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी, ७ मार्चला, बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं होतं. एक पेटंट शाळेच्या पुस्तकात गेलं आणि दुसरं आपल्या ऑफिसच्या खुर्चीखाली. असो.

या चाकाची खुबी म्हणजे त्याचा उभा खिळा आणि चाक जिथे जमिनीला टेकतं तो बिंदू एका रेषेत नसतात. चाक खिळ्याच्या थोडं मागे रेंगाळतं, म्हणून जिकडे ओढाल तिकडे आपोआप वळतं. पण दिशा उलटी केली की त्याला १८० अंशात फिरून परत मागे जावं लागतं, आणि फिरताना ते दांडीला बाजूला ढकलतं. मॉलमधली ट्रॉली मागे घेताना जो झटका बसतो तो हाच. काकांच्या नडगीवर आला तोही हाच. चार वर्षं इंजिनीअरिंग करून मला हे शनिवारी कळलं :-)

ब्रिटिश लोक या चाकाला 'जॉकी व्हील' म्हणतात. मोठ्या जनावरावर बसलेला छोटा स्वार! त्यांचे रस्ते अरुंद, अंगणं इवलीशी, त्यामुळे कॅरॅव्हॅन हाताने फिरवणं हा तिथे जवळजवळ राष्ट्रीय खेळ. (आता तिथे बरेच जण चाकांना मोटर लावून रिमोटने ट्रेलर आत नेतात. शेजाऱ्याला हाक मारायची सोय गेली.)

पण मला खरी गोष्ट सापडली ती डेट्रॉईटमध्येच, माझ्या अपार्टमेंटपासून तासाभराच्या अंतरावर. १९२९ साली इथे आर्थर शर्मन नावाचे एक जीवाणुशास्त्रज्ञ होते, औषधांची कंपनी चालवायचे. त्यांनी सुट्टीसाठी घडीचा तंबू असलेला ट्रेलर घेतला. जाहिरातीत लिहिलेलं, काही मिनिटांत उघडतो. पहिल्याच रात्री पाऊस आला, आणि तंबू उभा होईपर्यंत सगळं कुटुंब चिंब. वैतागून शर्मनसाहेबांनी स्वतःच एक डबा बांधून घेतला. दाबलेल्या लाकडी भुशाचे पत्रे, रुंदी सहा फूट, लांबी नऊ फूट, उंची घरच्या कारइतकीच. मुलांनी त्याला नाव दिलं 'कव्हर्ड वॅगन'. पुढे १९३० च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी तो चारशे डॉलरला मांडला, आणि १९३६ पर्यंत माउंट क्लेमेन्सचा त्यांचा कारखाना देशातला सगळ्यात मोठा ट्रेलरवाला झाला.

सहा बाय नऊ. हे माप वाचून मी उठून काकांच्या गराजचं दार मोजून आलो. सगळे इतिहासकार सांगतात की ट्रेलरला आकार दिला रस्त्यांनी, इंजिनांनी आणि विमानविद्येने. खरंच आहे ते. पण मला वाटतं, छोट्या ट्रेलरचा आकार ठरवणारी आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही: घरातल्या दोन माणसांना ती वस्तू आपल्या दारात हाताने हलवता आली पाहिजे. नाहीतर ती घेऊन ठेवायची कुठे?

विमानविद्येचा भाग मात्र झकास आहे. हॉली बोलस नावाचे ग्लायडर बांधणारे गृहस्थ होते, लिंडबर्गच्या प्रसिद्ध विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेले. त्यांनी १९३४ साली रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा 'रोड चीफ' ट्रेलर काढला. दिसायला चकाचक, वजनाला हलका, फक्त दार पुढे, जिभेच्या वर. म्हणजे घरात शिरायचं तर दांडी ओलांडून. दोन वर्षांनी, १९३६ साली, वॉली बायम या गृहस्थांनी तोच आराखडा सुधारून दार बाजूला नेलं आणि 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला, बाराशे डॉलरला. हे बायम पोरवयात मेंढपाळीचं काम करायचे आणि राहायचे कुठे, तर गाढवाने ओढायच्या दोन चाकांच्या एका छपरी गाडीत. जिभेचा भार गाढवाच्या पाठीवर! मला वाटतं हलकेपणाचं महत्त्व त्यांना तिथेच कळलं असणार.

कारण पुढे १९४७ साली त्यांनी जो फोटो काढवला तो बघाच. फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेतूर्नर आपल्या सायकलला एअरस्ट्रीम लाईनर जोडून ओढतोय! हा लेतूर्नर साधासुधा गडी नव्हे. १७ मे १९४१ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ, पुढे धावणाऱ्या मोटारीच्या आडोशाने, त्याने सायकलवर ताशी १०८.९२ मैल गाठले होते, म्हणजे १७५ किलोमीटर. पण ट्रेलर ओढताना वेगाचं काहीच काम नव्हतं. फोटो एवढंच सांगतो की ही वस्तू एका माणसाच्या मांड्यांच्या जोरावर हलते. जाहिरातीसाठी डोंगर नाही, समुद्रकिनारा नाही, सुंदर बाई नाही, तर सपाट जमिनीवर एक माणूस घर ओढतोय. ते चित्र पुढे कंपनीचं बोधचिन्ह झालं. (वर आपण हिशोब केलाच आहे, सपाटीवर दीड टक्का. लेतूर्नरच्या जागी आपल्यापैकी कुणीही असतं तरी चार पावलं ओढलं असतं. पण मग फोटो कोण बघणार?)

युद्धानंतरची ती वर्षं टिअरड्रॉपच्या भरभराटीची. युद्धातून उरलेलं ॲल्युमिनियम आणि जीपची चाकं स्वस्तात मिळत होती, आणि परत आलेल्या सैनिकांना हातात हत्यार धरायची सवय होती (पान्हा-हातोडीची म्हणतोय). मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड सारखी मासिकं घरी बांधायचे आराखडे छापत. गराजमध्ये बांधायचा, गराजमध्येच ठेवायचा, आणि दोघांनी ढकलायचा.

आणि इथून रस्ता फुटला. १९३५ च्या सुमारास रॉजर बॅब्सन या नावाजलेल्या अर्थभाष्यकाराने भाकीत केलं होतं की वीस वर्षांत अर्धी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसं काही झालं नाही, पण युद्धकाळात कारखान्यांजवळ कामगारांसाठी सरकारने हजारो ट्रेलर घेतले, नंतर घरटंचाई आली, आणि लोक त्यात सुट्टीपुरतं नाही तर कायमचंच राहायला लागले. राहायचं म्हटलं की मोरी हवी, संडास हवा, मुलांना खोली हवी. ट्रेलर लांबत गेले. १९५४ साली हॉलिवुडने 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा सिनेमा काढला. ल्युसिल बॉल आणि डेसी अर्नाझ हे खऱ्या आयुष्यातलं जोडपं त्यात नवविवाहित जोडपं आहे, आणि ते छत्तीस फुटी 'न्यू मून' ट्रेलर घेऊन मधुचंद्राला निघतात. डोंगरावरचा थरारक प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण मला भावला तो नातेवाइकांच्या घरचा प्रसंग. सगळं गोत अंगणात जमलंय, जो तो हात हलवून वेगवेगळ्या सूचना देतोय, आणि बिचारा नवरा ट्रेलर रिव्हर्स घेतोय. झाडं गेली, घराच्या पडवीचाही खुर्दा! म्हणजे नात्यांची जी काय वाट लागते ती महामार्गावर नाही. दारात, शेवटच्या तीस फुटांतच. छत्तीस फुटी घर हाताने ढकलता येत नाही ना.

त्याच सुमारास विस्कॉन्सिनमधल्या एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंद घरं बांधायला घेतली. तोवर रस्त्यावर आठ फुटांची मर्यादा होती. दहा फुटी घर साध्या कारमागे जाईना, त्याला खास परवाना आणि ट्रक लागे. नाव 'मोबाईल होम', आणि बहुतेक घरं एकदा जिथे ठेवली तिथून हललीच नाहीत. दुसरीकडे सुट्टीचे ट्रेलरही मोठे होत गेले आणि १९६० च्या दशकात टिअरड्रॉप जवळपास दिसेनासा झाला. १९९० नंतर तो परत आला. छोटी कार, कमी पेट्रोल ही कारणं सगळे देतात. काकांचं कारण वेगळं होतं. त्यांनी १९९० च्या दशकात एका जुन्या मासिकातल्या आराखड्यावरून हा स्वतः बांधला, आणि माप ठरवताना काकूंना पुठ्ठ्याच्या खोक्याला धक्का मारायला लावून बघितला होता की गराजच्या वळणावर कसा फिरतो.

आता थोडं घरी जाऊ. २०२२ साली एक बातमी फिरत होती, तुम्हीही पाहिली असेल. आमच्याच वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊसगाडीच्या बैलांच्या मानेवरचं ओझं कमी करायला जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक फिरतं चाक बसवलं. नाव 'सारथी'. तेव्हा मी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून पुढे गेलो होतो. आता कळतंय की ते हेच चाक! दोन टन ऊस आणि नुसते पाच टक्के पुढे धरले तरी शंभर किलो होतात, आणि तेही दिवसभर, कच्च्या रस्त्याने. इथे माणसाचे तीस फूट वाचवायला जे चाक लागलं ते तिथे बैलाच्या सगळ्या वाटेला हवं. अमेरिकन चाक धावताना वर उचलून ठेवतात, कारण कार तक्रार करत नाही. बैल तर बोलतच नाही, म्हणून त्याचा हिशोब मांडायला एवढी वर्षं लागली.

आजोबांना ते चाक दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, खड्ड्यात अडकंल. त्यांचं तेच असायचं. आणि मुद्दा बरोबर असायचा, कारण शनिवारी नेमकं तेच झालं. सहा इंची चाक, दोन इंची भेग, वर साठ किलो: बाहेर काढायला वीस-एकवीस किलो जास्तीचा जोर. चाक बारा इंची केलं की तोच जोर निम्म्यावर येतो. त्यात हवा भरलेला टायर असेल तर भेग जाणवतही नाही. बाकी उरतो चढाचा बत्तीस-तेहतीस किलोंचा हिशोब, तो एकट्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाने रेटत राहू नये. त्यासाठी गराजच्या मागच्या भिंतीला हाताने फिरवायची एक विंच. खटक्याची, म्हणजे हात सोडला तरी मागे येत नाही. (हे वैशिष्ट्य कुणासाठी आहे ते सांगायला नको.)

मी हे सगळं एक्सेलमध्ये मांडून काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळे रकाने पाहिले, एका ठिकाणी माझी बेरीज चुकलेली दाखवली, आणि संध्याकाळी दुकानातून चाक आणून बसवलं. विंचसाठी भिंतीला भोकं मात्र मी पाडली. रविवारी त्यांनी एकट्याने ट्रेलर बाहेर काढला आणि एकट्याने आत घेतला. मी फक्त मागे उभा होतो, ठोकळा हातात घेऊन. त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही, पण आत नेताना वळणावर आल्यावर ते थांबले आणि सवयीने मागे बघितलं. मी म्हटलं, "थोडं डावीकडे." मग घेतला आत.

पाटी अजून हिरवळीवर आहे, पण काल उलटी करून ठेवलेली दिसली. पुढच्या आठवड्यात लेक मिशिगनच्या काठी तीन रात्री जायचं म्हणतायत. मागच्या ओट्याखाली बर्फाची पेटी आणि पाण्याचे दोन कॅन भरत होते, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, एवढं सगळं मागे नका ठेवू, थोडं पुढे घ्या, नाहीतर गाडी उलाळ होईल. कसली होईल, म्हणाले. मग मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला, आजोबा सांगितले. त्यांनी तीन-चारदा म्हणून बघितला.

'ळ' काही जमला नाही. पण कॅन पुढे घेतले.